ब्लॉक, रोड, बिल्डिंग

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



माझी नोकरीतली सगळी वर्षं रस्त्यांच्या ड्रॉइंगवर गेली, आधी महाराष्ट्रात आणि नंतर इथे बहरीनमध्ये. त्यामुळे समितीने "काहीतरी बोला" म्हटल्यावर मला दुसरा विषय सुचण्याचा प्रश्नच नव्हता. समितीतल्या एका वहिनींनी काळजीने विचारलं, "रस्त्यांवर तासभर बोलण्यासारखं असतं का हो?" असतं. रस्ता बिघडला की आपण सगळेच तासभर बोलतो. मी आज त्याच्या आधीची गोष्ट सांगणार आहे. कोणता रस्ता मोठा, कोणता लहान, कोणत्या रस्त्यावर दुकान चालेल आणि कोणत्यावर नाही, हे कोण, कधी आणि कशावरून ठरवतं.

आधी एक छोटा प्रयोग करू. आपला घरचा ब्लॉक नंबर ज्यांना पाठ आहे त्यांनी हात वर करा. बरं. आता रोड नंबर? हात निम्मे खाली गेले. बिल्डिंग नंबर? मागच्या रांगेतली तीन मुलं आणि एक काका. मुलांना शाळेच्या बसमुळे माहीत असणार.

आपण मराठी माणसं पत्ता सांगत नाही, खुणा सांगतो. "सिग्नलच्या पुढे उजवीकडे वळा, कोल्ड स्टोअर लागेल, त्याच्या मागची पांढरी बिल्डिंग." बहरीनमध्ये पांढऱ्या बिल्डिंगी किती आणि कोल्ड स्टोअर किती, हे मी सांगायला नको. ही सवय आपण घरूनच आणलेली. पुण्यात सदाशिव पेठेतला घर क्रमांक शोधून पाहा, एका नंबरच्या शेजारी पुढचाच नंबर असेल याची खात्री नाही. म्हणून तिकडे 'अमक्या मारुतीसमोर' हाच खरा पत्ता. इथे मात्र आकड्यांचा पत्ता आहे आणि तो विचार करून बसवलेला आहे. आपण तो वापरत नाही, एवढंच.

काही वर्षांपूर्वी गुदैबियात राहणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबात व्हिजिट व्हिसावर आलेल्या आजोबांच्या छातीत रात्री दुखायला लागलं. मुलगा ड्युटीवर. सूनबाईंनी ९९९ ला फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे "ब्लॉक? रोड?" विचारतोय आणि या सांगताहेत, मशिदीच्या मागे, कोल्ड स्टोअरच्या वरती, तिसरा मजला. तो पुन्हा विचारतो, या पुन्हा तेच सांगतात, आवाज फक्त मोठा होतो. शेवटी चौथीतल्या नातीने फ्रिजवर चुंबकाने लावलेलं विजेचं बिल ओढून आईच्या हातात दिलं. त्यावर बिल्डिंग, रोड, ब्लॉक सगळं छापलेलं. गाडी आली. आजोबा आता साताऱ्यात आहेत आणि सकाळी फिरायला जातात. पण त्या फोनवर गेलेली तीन-चार मिनिटं सूनबाई अजून विसरलेल्या नाहीत.

तेव्हा आधी हे आकडे कसे वाचायचे ते पाहू. मुलांनो, हे तुमच्यासाठी विशेष.

सगळा देश ब्लॉकमध्ये वाटलेला आहे. अरबीत त्याला 'मुजम्मा' म्हणतात. ब्लॉकचा पहिला आकडा भाग सांगतो. दोनशेचे ब्लॉक मुहर्रक बाजूला, तीनशेचे मनामा, चारशेमध्ये सनाबिस-सीफ, पाचशेमध्ये सार-बुदैया, सहाशेमध्ये सित्रा, आठशेमध्ये ईसा टाऊन, नऊशेमध्ये रिफा. हमद टाऊनचे ब्लॉक चार आकडी, बाराशेचे. मग रोड. रोडच्या नंबरात ब्लॉकचे शेवटचे दोन आकडे आधी येतात. जुफैरमधला ब्लॉक ३२४ घ्या, तिथले रोड २४ ने सुरू होणार. सीफमधला ब्लॉक ४२८, तिथले रोड २८ ने सुरू. आदलियाचा ब्लॉक ३३८, तिथला रोड ३८०३. हा ३३८ तर इतका प्रसिद्ध झाला की हॉटेलांच्या त्या वस्तीला लोक 'ब्लॉक ३३८' या नावानेच ओळखतात. सरकारी नंबराचं असं लाडकं नाव झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता यात वर्गीकरण कुठे आलं? आलंच की. नुसता आकडा मिळालेला रस्ता म्हणजे 'रोड', अरबीत 'तरीक', ब्लॉकच्या पोटातला. नाव मिळालेला रस्ता बहुधा ॲव्हेन्यू किंवा हायवे. एक्झिबिशन ॲव्हेन्यू, गव्हर्नमेंट ॲव्हेन्यू, ईसा अल कबीर ॲव्हेन्यू. त्यांच्या वर अल फातेह हायवे, किंग फैसल हायवे, शेख ईसा बिन सलमान हायवे, शेख खलिफा बिन सलमान हायवे. गंमत अशी की इंग्रजी पाटीवर ॲव्हेन्यू आणि हायवे वेगळे, पण अरबीत दोघांनाही 'शारिअ' हा एकच शब्द. 'शारिअ अल फातेह' आणि 'शारिअ अल हुकूमा', म्हणजे गव्हर्नमेंट ॲव्हेन्यू. म्हणून एखादा बहरीनी माणूस बुदैया हायवेला बुदैया रोड म्हणाला तर तो चुकत नाही, तो मनातल्या मनात भाषांतर करतोय.

नावात काय आहे, असं वाटेल. पण रस्त्याचा वर्ग म्हणजे त्याला दिलेलं काम. आमच्या धंद्यात रस्त्याची कामं दोनच. एक, माणसाला लांब नेणं. दुसरं, माणसाला दारात सोडणं. सगळी भांडणं या दोन कामांमुळे होतात.

आपल्यात जे शेतीवाडीतून आलेत त्यांना हे कालव्यावरून चटकन कळेल. धरणातून मुख्य कालवा निघतो, त्यातून वितरिका, तिच्यातून लघुवितरिका आणि शेवटी शेतचारी. मुख्य कालव्याने पाणी लांब न्यायचं, शेताला पाणी द्यायचं ते चारीने. आता प्रत्येकाने मुख्य कालव्यालाच इंजिन लावून पाणी उचललं तर काय होतं? शेवटच्या गावापर्यंत पाणी पोचत नाही. होतं असं, आपण पाहिलंय. रस्त्याचंही तसंच. हायवेवर प्रत्येक दुकानाचं तोंड उघडलं, प्रत्येक गल्ली थेट येऊन मिळाली, की तो हायवे राहत नाही, बाजार होतो. आणि उलटं, घरांमधल्या रोडवरून लांबची वाहतूक पळायला लागली की पोरांना दारात खेळता येत नाही.

एक्झिबिशन ॲव्हेन्यूवर गुरुवारी रात्री गाडी घेऊन गेलेला माणूस मला हे समजावून सांगेल. तिथे हॉटेलं आहेत, ज्यूसची दुकानं आहेत, गाडी उभी करून आतूनच ऑर्डर देणारे आहेत आणि त्याच रस्त्याने हूराहून पलीकडे जाणारेही आहेत. दोन्ही कामं एकाच रस्त्याला सांगितली की दोन्ही बिघडतात. पुणेकरांनी लक्ष्मी रोड आठवावा.

हा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो एका पोलिसाने, इंजिनियरने नव्हे. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसातले अधिकारी आल्कर ट्रिप यांनी १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, शहररचना आणि वाहतूक यांवर पुस्तक लिहिलं. अपघातांची नोंद करून करून त्यांच्या लक्षात आलं असणार की माणसं रस्त्यावर मरतात ती रस्ता काय कामाचा हेच ठरलेलं नसतं म्हणून. पुढे १९६३ मध्ये कॉलिन बुकॅनन यांचा 'ट्रॅफिक इन टाउन्स' हा अहवाल आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शहर म्हणजे खोल्या आणि कॉरिडॉर. वाहतूक कॉरिडॉरमधून जावी, खोल्यांमधून नको. आपल्या चंदीगडमध्ये ल कोर्बुझिएने त्याच्याही आधी रस्त्यांचे सात वर्ग केले होते, व्ही-१ ते व्ही-७. व्ही-१ बाहेरून शहरात येणारा, व्ही-७ नुसता पायवाटेचा. सेक्टरच्या आत लांबची गाडी शिरायचीच नाही. बहरीनच्या नव्या वस्त्यांमधले ब्लॉक नकाशावर पाहा, बराचसा हाच हिशेब दिसेल. कडेने मोठे रस्ते, आत नंबरवाले रोड.

जुन्या मनामात मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे आधी फरीज होते. फरीज म्हणजे आपली आळी किंवा पेठ. एका कुळाची, एका धंद्याची माणसं एकत्र, मधून माणसाला आणि गाढवाला पुरेल एवढी बोळ, आणि ती बोळ मुद्दाम अरुंद, सावली पडावी म्हणून. बाब अल बहरीनच्या मागे सूकमध्ये, श्रीनाथजींच्या मंदिराकडे जाताना तुम्ही ज्या गल्ल्यांतून जाता त्या अशाच. ब्लॉक आणि रोडचे नंबर त्यांच्यावर नंतर चिकटवलेले. मला विचाराल तर त्या तशाच राहाव्यात. उन्हाळ्यात दुपारी चालता येईल असे मनामातले रस्ते तेवढेच.

मनामाची नगरपालिका १९१९ ची, आखातातली पहिली. पण गाड्यांसाठीचं शहर त्यानंतर वाढलं. मनामा आणि मुहर्रक ही दोन बेटं. मधला पहिला पूल-बांध १९४२ मध्ये खुला झाला. त्याआधी नोकरीला जायचं तर होडी. शेजारून दुसरा पूल १९९७ मध्ये झाला आणि हिद्दकडून येणारा तिसरा २००३ मध्ये. बाब अल बहरीनची कमान १९४९ ची, आणि तेव्हा समुद्र तिच्या अगदी जवळ होता. आज तिथे उभं राहून समुद्र दिसतो का पाहा. किंग फैसल हायवे, त्यापलीकडचे फायनान्शिअल हार्बरचे मनोरे, सगळं भराव घालून केलेल्या जमिनीवर. मागच्या शतकात या देशाचं क्षेत्रफळ पावणेसातशे चौरस किलोमीटरच्या आत होतं, ते आता पावणेआठशेच्या पुढे गेलंय. रस्त्याची आखणी करणाऱ्याला याचा त्रास असा, की आज किनाऱ्याचा म्हणून आखलेला रस्ता वीस वर्षांनी शहराच्या मधोमध आलेला असतो. त्याचं काम बदलतं, रुंदी मात्र तीच.

आणि एक गोष्ट तरुण मंडळींना माहीत नसेल. नोव्हेंबर १९६७ पर्यंत इथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालायच्या. तेव्हा बदल करून उजवीकडे आणल्या. त्याच्या दोनच वर्षं आधीपर्यंत, म्हणजे १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत, इथे रुपया चालत होता. डावी बाजू गेली, रुपया गेला, मंदिराजवळची दुकानं आणि आपण राहिलो.

नव्या गावांत मोकळी पाटी मिळाली. ईसा टाऊन १९६८ चं आणि हमद टाऊन १९८४ चं. हमद टाऊन मला फार आवडतं, कारण ते एका ओळीत आहे. उत्तर-दक्षिण लांबलचक मुख्य रस्ता आणि त्यावर एकामागून एक राउंडअबाउट, त्यांना नंबर दिलेले. तिथला माणूस ब्लॉक सांगत नाही, "दुव्वार सात" म्हणतो. खूण आणि आकडा दोन्ही एकातच. वर्गीकरण लोकांच्या तोंडी बसायचं असेल तर ते असं दिसणारं असावं. कागदावर कितीही शुद्ध असो, रस्त्यावर उभं राहून ओळखता आलं नाही तर लोक कोल्ड स्टोअरचीच खूण सांगणार.

आकाराची कल्पना यावी म्हणून सांगतो. २०२० च्या जनगणनेत सगळ्या बहरीनची लोकसंख्या १५ लाख १ हजारच्या आसपास भरली. नुसत्या नाशिक शहराची २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार होती. क्षेत्रफळ म्हणाल तर बृहन्मुंबईपेक्षा थोडं जास्त, आणि त्यातही दक्षिणेकडचा मोठा भाग मोकळं वाळवंट. म्हणजे आपण देश म्हणतो तो रस्त्यांच्या दृष्टीने एक मध्यम शहर आहे. फरक एवढाच की या शहराला पाहुणे फार. २६ नोव्हेंबर १९८६ ला किंग फहद कॉजवे सुरू झाला, २५ किलोमीटरचा, आणि तेव्हापासून सुटीच्या दिवशी सौदीच्या नंबरप्लेटी किती दिसतात ते तुम्हाला ठाऊक आहे. घर चार माणसांचं, पण दर आठवड्याला पंगत. तेव्हा स्वयंपाकघर केवढं बांधायचं? आमच्या ऑफिसात हाच वाद वेगळ्या शब्दांत चालतो.

इथल्या पद्धतीतली एक चांगली गोष्ट सांगतो आणि मग तक्रार. रस्त्याची रुंदी म्हणजे नुसतं डांबर नव्हे. त्या पट्ट्यात पाणी, सांडपाणी, वीज, टेलिफोन या सगळ्यांच्या मार्गिका आधी ठरलेल्या असतात. कुणालाही खोदायचं तर आधी 'वेलीव्ह' घ्यावी लागते. म्हणजे नकाशा फिरवून, बाकी खात्यांची हरकत नाही हे घेऊन, मगच कुदळ. त्यात वेळ जातो, कॉन्ट्रॅक्टर वैतागतात, मीही वैतागलोय. पण आपल्या गावी नवाकोरा डांबरी रस्ता झाल्यावर आठ दिवसांनी पाण्याच्या पाइपवाले येतात, ते आठवलं की मी गप्प बसतो.

आता तक्रार. हे जे वर्ग आम्ही पाडतो ते सगळे गाडीच्या काचेतून पाडलेले असतात. हायवे, ॲव्हेन्यू, रोड. चालणारा माणूस यात कोणत्या वर्गात? अल फातेह हायवेच्या एका बाजूला जुफैर, दुसऱ्या बाजूला गुदैबिया. नकाशावर हाताच्या अंतरावर. गाडी असेल तर प्रश्न नाही. पण ज्याच्याकडे गाडी नाही, जो महिन्याचा पगार घरी पाठवतो आणि सायकलवर किंवा पायी कामाला जातो, त्याच्यासाठी तो हायवे म्हणजे नदी आहे आणि पूल लांब आहे. मग तो मधूनच पळत ओलांडतो. अशांतले पुष्कळजण आपल्याच देशातले असतात. मोठ्या रस्त्याने लांबच्या माणसाची सोय झाली की जवळच्याची वाट तुटते, हे कालव्याच्या उपमेत बसत नाही, कारण पाण्याला कालवा ओलांडायचा नसतो. म्हणून एखाद्या रस्त्याला हायवेचा दर्जा देण्याच्या बैठकीत मी एक प्रश्न हमखास विचारतो, हा ओलांडणार कोण आणि कुठे? विचारून विचारून आता माझ्या आधीच दुसरा कुणीतरी म्हणतो, "हां, तुमचा तो ओलांडण्याचा मुद्दा." म्हटलं, चालेल, मुद्दा कागदावर आला ना!

२०१५ पासून लाल बसगाड्या नव्या कंपनीकडे आल्या, वाहतूक बरीच सुधारली. पण बस कुठूनही आली तरी तिच्यापर्यंतचे शेवटचे तीनशे मीटर चालायचेच असतात, आणि जुलैमध्ये ते तीनशे मीटर किती लांब होतात ते विचारू नका.

आता जरा घराकडे वळू, कारण यात आपल्या खिशाचा प्रश्न आहे.

रस्त्यांच्या वर्गीकरणाचा आणि मराठी मुलखाचा संबंध जुना आहे. हिंदुस्थानात रस्त्यांचा एकत्रित विचार करायला सरकारने १९२७ मध्ये जी समिती नेमली तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. होय, तेच जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ मध्ये रस्त्यांसाठी वेगळा निधी सुरू झाला. म्हणजे पेट्रोलवर रस्त्यासाठी कर देताना जी शिवी आपण देतो ती शंभरएक वर्षं जुनी आहे. मग १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद भरली ती नागपूरला. तिथे देशातल्या रस्त्यांचे वर्ग ठरले. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, मोठे आणि इतर जिल्हा मार्ग, गावरस्ते. आजही आपल्या गावच्या रस्त्यावर दगडाला 'प्रजिमा' असं लिहिलेलं असतं ना, प्रमुख जिल्हा मार्ग, त्याचं मूळ त्या नागपूर योजनेत. कोणतंही गाव पक्क्या रस्त्यापासून फार लांब राहू नये हा त्यामागचा हिशेब होता, आणि महायुद्ध चालू असताना तो मांडला, याचं मला कौतुक वाटतं.

शहराच्या आतलं काम मात्र वेगळ्या कायद्याने होतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्याखाली प्रत्येक नगरपालिका, महापालिका विकास योजना करते. आपण तिला डीपी म्हणतो. त्या नकाशात रस्ते ९, १२, १५, १८, २४, ३० मीटर असे रुंदीने आखलेले असतात. बहरीनमध्ये रस्त्याचा वर्ग त्याच्या नावावरून कळतो, आपल्याकडे मीटरवरून. आणि त्या मीटरवर एफएसआय अवलंबून. २०२० च्या एकत्रित नियमावलीनंतर तर मुंबई आणि काही भाग सोडता राज्यभर हा संबंध एकसारखा झाला. रस्ता रुंद तर बांधकाम जास्त. ९ मीटर हा मोठा उंबरठा. म्हणून रस्त्याचा वर्ग बदलला की शेजारच्या जमिनीचा भाव बदलतो, आणि म्हणूनच त्या नकाशावर इतकी माणसं डोळा ठेवून असतात.

आपल्यातले बरेचजण इथून फोनवर प्लॉट घेतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'डीपी रोड टच'. माझ्या एका मित्राने पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहराच्या कडेला असा प्लॉट घेतला. फोटो छान, कंपाउंड छान, कोपऱ्यावर आंब्याचं झाड. मी सुटीला जाणार होतो म्हणून त्याने कागद माझ्याकडे दिले. नगररचना विभागातून भाग नकाशा काढला. १८ मीटरचा रस्ता प्लॉटला टच नव्हता, प्लॉटमधून जात होता. जवळपास निम्मा प्लॉट रस्त्यात. आंब्याचं झाड तर बरोबर मध्यरेषेवर. विकणारा खोटं बोलला असं म्हणता येईना, कारण टच तर होताच.

यात मार्ग आहेत, अगदीच बुडालं असं नाही. रस्त्यात गेलेल्या जागेचा मोबदला रोख, किंवा टीडीआर, किंवा उरलेल्या प्लॉटवर एफएसआय, अशा वाटा कायद्यात आहेत. अंतिम योजना लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जागा संपादन झाली नाही तर कलम १२७ खाली नोटीस देता येते. तिच्या मुदतीतही काही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होऊ शकतं. पण हे सगळं तिथे राहून पाठपुरावा करणाऱ्या माणसाचं काम. इथून दर शुक्रवारी फोन करून होत नाही. मित्राने घराचं स्वप्न होतं तिथेच ठेवलंय आणि सध्या फाइल चालवतोय.

तेव्हा सातबारा आणि एनएचा आदेश पाहून थांबू नका. झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, आणि नकाशावर आपला गट नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. नवीन डीपीचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी मुदत असते आणि ती आपण इथे असताना निघून जाते. गावाकडे भाऊ-बहीण, मेहुणे, कुणीतरी असतंच. त्यांना सांगून ठेवा की मसुदा लागला की फोटो पाठव. हरकत साध्या अर्जावर देता येते, सुनावणी होते, आणि रस्त्याची आखणी हरकतीमुळे बदललेली मी स्वतः पाहिली आहे. एकट्याच्या अर्जापेक्षा पंधरा घरांचा अर्ज जास्त वाचला जातो, हेही पाहिलंय.

माझ्याकडे वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. चहा तयार आहे, असंही त्यात लिहिलंय. त्याआधी प्रश्न असतील तर दोन-तीन घेतो.

(प्रश्नोत्तरांपैकी काही.)

एका काकांनी विचारलं की इथे मेट्रो होणार म्हणतात, मग रस्त्यांचं काय? मेट्रोच्या पहिल्या टप्प्याची आखणी साधारण २९ किलोमीटर आणि २० स्थानकं अशी जाहीर झाली होती. ती जेव्हा होईल तेव्हा खरी परीक्षा स्थानकाच्या पायथ्याशी होईल. तिथपर्यंत सावलीतून चालत जाता आलं नाही तर लोक गाडीनेच स्थानकाला येतील, आणि मग आम्हाला पुन्हा पार्किंगसाठी बोलावतील.

एका ताईंनी विचारलं, "आमच्या इमारतीच्या समोरचा रस्ता घरांमधला आहे, पण सकाळी सगळे शॉर्टकट मारतात. काय करता येईल?" त्याला आमच्या भाषेत उंदीरवाट म्हणायला हरकत नाही. वर्गाने तो रोड, पण वागतो ॲव्हेन्यूसारखा. उतारे, अरुंद तोंड, एकदिशा असे उपाय असतात. आपल्या भागाच्या नगरपालिकेच्या कौन्सिलरकडे लेखी द्या, सोबत ब्लॉक आणि रोड नंबर द्या, आणि कोणत्या वेळात किती गाड्या जातात ते तीन दिवस मोजून द्या. मोजलेला आकडा असला की कागद पुढे सरकतो.

शेवटचा प्रश्न सातवीतल्या एका मुलीने विचारला आणि मला वाटतं तोच आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. ती म्हणाली, "काका, ब्लॉक ३२४ मधले रोड २४ ने सुरू होतात. पण मग ४२४ नंबरचा ब्लॉक असेल तर त्याचेही २४ नेच सुरू होणार ना? मग एकच रोड नंबर दोन ठिकाणी येईल!" अगदी बरोबर, बाळ. नुसता रोड नंबर सांगितला तर गाडी जुफैरला यायची ती दुसरीकडेच जाऊ शकते. म्हणून फोनवर आधी ब्लॉक सांगायचा, मग रोड, मग बिल्डिंग, आणि सगळ्यात शेवटी फ्लॅट. कोल्ड स्टोअर त्यानंतर.